रेडकाचं काय झालं?

दशलक्षण पर्व चालू होतं. रात्रीचे नऊ वाजले असतील. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत झालेलं, भांडी घासून पालथी पडलेली, आणि मी अंथरूण घालत होते. तेवढ्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ.

"मावशी, पिक्चर दाखवला. लोकांना आवडला. पण शेवटी एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी प्रश्न विचारला, आणि मला उत्तरच देता आलं नाही."

"काय विचारलं?"

"त्या रेडकाचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." आणि फोन ठेवला. उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच उद्यावर ढकललं.

तो पिक्चर म्हणजे नऊ मिनिटांचा माहितीपट. दोन वर्षांपूर्वी थंडीत भाची कॅमेरा घेऊन नंदगडला आली होती. ती व्हीगन आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. तिकडच्या लोकांना दाखवायचं होतं की दुधाविनाही भारतीय जेवण भरलेलं असतं. मग आमच्या स्वयंपाकघरात चार दिवस चित्रीकरण झालं. ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी, हुलग्याचं सार, नारळाच्या दुधातल्या शेवया, गुळाची हुग्गी. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी ताट कसं रंगीत दिसतं हे तिला दाखवायचं होतं. मधे मधे गावाची दृश्यं: बाजार, बस्तीचं शिखर, संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली जिथं फाशी दिलं तिथला वड. आणि शोभेला म्हणून आमचं परडं. परड्यात चंद्री म्हैस आणि तिचं पंधरा दिवसांचं रेडकू. सासूबाई रेडकाला आचळाला लावतात, चंद्रीला पान्हा फुटतो, मग त्याला मागं ओढून खुंट्याला बांधतात आणि धार काढायला बसतात. सगळं मिळून वीस सेकंद. भाचीला ते फार गोड वाटलं होतं.

बिनदुधाच्या जेवणाच्या चित्रपटात धार काढतानाचं दृश्य गोड म्हणून राहिलं, ते तिला दिसलं नाही आणि मलाही नाही. दिसलं ते सातासमुद्रापलीकडच्या एका परक्या बाईंना. अहिंसा आपण जगाला दिली असं आम्ही जैन मोठ्या अभिमानानं सांगतो. मग हा प्रश्न तिकडून इकडे का यावा? त्या रात्रीपासून मी याचा माग काढू लागले. जुनी पुस्तकं चाळली, ते चित्रपट पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते.

आधी आमच्या घरची रीत सांगते. दूध काढलं की दोन घडींच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत, गाळून तापवायचं. नाहीतर त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, म्हणून ते अभक्ष्य. लोणी ठेवून द्यायचं नाही, लगेच कढवायचं. कारण तेच. मधाला तर हात लावायचा नाही. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग हा श्रावकाच्या मूळ व्रतांतला पहिला भाग. इंग्लंडातल्या व्हीगन मंडळींनी विसाव्या शतकात मध सोडला, तो आमच्याकडे हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत सोडायला सांगितलेला आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी. पण खुंट्याला बांधलेलं रेडकू चांगलं डोळ्यांना दिसतं, त्याची नोंद या रीतीत मला कुठं सापडत नाही.

दूध सोडायची वाट मात्र आपल्या परंपरेत आहे. बारा तपांपैकी एक रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस. चातुर्मासात कुणी एक सोडतं, कुणी दोन. आमच्या मुनिमहाराजांच्या आहाराच्या वेळी आधी विचारून घ्यावं लागतं की कोणत्या रसाचा त्याग आहे. पण हा त्याग जिभेला आवर घालण्यासाठी. दूध सोडलं ते स्वतःच्या आत्म्यासाठी, म्हशीसाठी नव्हे. मिठाच्या पंक्तीत दूध बसलं ते त्यामुळंच.

आणि दुधाची मायाही तेवढीच. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची कथा आपल्या भागात लहान पोरांनाही माहीत असते. चामुंडरायानं दहाव्या शतकाच्या शेवटी ती भव्य मूर्ती उभारली. अभिषेकाला घडेच्या घडे ओतले तरी दूध कमरेच्या खाली उतरेना. शेवटी एक गरीब म्हातारी फळाच्या करवंटीत थोडंसं दूध घेऊन आली, आणि तेवढ्या दुधानं सगळी मूर्ती न्हाऊन निघाली. ती गुळ्ळकायज्जी. तिथं तिचीही मूर्ती आहे. श्रीमंताच्या गर्वापेक्षा गरिबाची भक्ती मोठी, हे सांगायला आपल्या लोकांनी दूधच निवडलं. अशा दुधाबद्दल शंका काढायची म्हणजे आजीबद्दल शंका काढल्यासारखं वाटतं.

आता परदेशाची वाट. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जैनांचे प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले. निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होतं, पण साधूला समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून हा २९ वर्षांचा तरुण गेला. अमेरिकेत आणि इंग्लंडात त्यांनी पुढं कितीतरी व्याख्यानं दिली. जैन धर्म काय, अहिंसा काय, शाकाहार का, हे तिकडच्या लोकांनी बहुधा पहिल्यांदाच एका जैनाच्या तोंडून ऐकलं. १९०१ साली ते वारले, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. त्यांच्या हातात शब्द होते, चित्र नव्हतं. ऐकणाऱ्यांनी भारतातली गाय आपापल्या मनात रंगवली असेल, आणि मनातली गाय नेहमी सुखीच असते.

दुसरे गांधी आपले महात्मा. दुधाशी त्यांचं भांडण पुष्कळांना ठाऊक नसतं. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडलं. गवळी लोक शेवटचा थेंब काढण्यासाठी जनावराच्या मागच्या अंगातून वारा भरतात, त्याला फुका म्हणत. तो प्रकार कळल्यावर त्यांचं मन उडालं. पुढं १९१८ साली खेड्याच्या धामधुमीनंतर आमांशानं ते मरणाच्या दारात गेले. डॉक्टर दुधाशिवाय उपाय नाही म्हणू लागले. कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचं दूध घ्या. त्यांनी घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी कबूल केलंय की व्रताचा शब्द राखला, भाव राखला नाही. ही टोचणी त्यांना जन्मभर राहिली. फुक्यावर पुढं कायद्यानं बंदी आली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे.

हे गांधीजी डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. आयुष्यात एकदाच त्यांनी ते पद घेतलं, आणि ते इथं. त्याच मुक्कामात बेळगावात गोरक्षण परिषद भरली, तिचेही अध्यक्ष तेच. त्यातून पुढच्या वर्षी अखिल भारतीय गोरक्षा मंडळ उभं राहिलं. त्याचा कार्यक्रम वाचून मी चमकले. नुसत्या पांजरपोळांवर भागणार नाही, मंडळानं दुग्धालयं चालवावीत आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे कारखाने चालवावेत, असं त्यात होतं. गाय वाचवायची तर ती परवडली पाहिजे, हा हिशोब. म्हणजे गाईचं दूध न पिणारा माणूस गाईला वाचवण्यासाठी दुधाचा धंदा सुचवत होता. शंभर वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याच्या गावी हा पेच मांडला गेला, आणि तो अजून सुटलेला नाही.

१९३१ साली लंडनच्या शाकाहारी मंडळींसमोर गांधीजी बोलले. शेजारी हेन्री सॉल्ट बसले होते, ज्यांचं पुस्तक विद्यार्थिदशेत वाचून ते मनापासून शाकाहारी झाले होते. त्यानंतर तेरा वर्षांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत इंग्लंडातल्याच काही शाकाहाऱ्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांचा पुढारी डोनाल्ड वॉटसन, सुतारकाम शिकवणारा शिक्षक. दूध-अंडी न खाणाऱ्यांना शाकाहारी संस्थेच्या मासिकात वेगळी जागा मिळेना, म्हणून त्यांनी आपली संस्था काढली. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेतली आणि ‘व्हीगन’ हा शब्द घडवला. शाकाहाराची सुरुवात आणि शेवट, असा त्यामागचा अर्थ.

हा शब्द अमेरिकेत रुजवला तो एका मुंबईकराच्या मुलानं. दिनशाह घडियाली हे मुंबईचे पारशी, अमेरिकेत स्थायिक झालेले. त्यांचा मुलगा जय दिनशाह यानं १९५७ मध्ये एक कत्तलखाना आतून पाहिला आणि तो हादरला. १९६० साली त्यानं न्यू जर्सीतल्या मलागा गावी अमेरिकन व्हीगन सोसायटी स्थापन केली. तिच्या मासिकाला नाव दिलं ‘अहिंसा’. माझी भाची ज्या राज्यात राहते, तिथं तिच्या जन्माच्या कितीतरी आधी आपला हा शब्द घराघरांत टपालानं जात होता, आणि त्याचा अर्थ दूधही नको असा होता. आमच्या बस्तीत त्याच वर्षी कुणी असं म्हटलं असतं तर लोक हसले असते.

महाराष्ट्रातही एक काम सुरू झालं होतं. इंग्लंडातल्या लेडी डाउडिंग यांच्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेची भारतीय शाखा १९७४ मध्ये डायना रत्नागर यांनी पुण्यात उभी केली. रेशीम कशातून येतं, मिठाईवरचा चांदीचा वर्ख कसा कुटला जातो, हे या संस्थेनं शोधून सांगितलं. बैलाच्या आतड्याच्या पातळ पडद्यांच्या वहीत चांदी ठेवून ती कुटत, हे कळल्यावर पुष्कळ जैन घरांतून वर्ख गेला. आमच्या लग्नातल्या रेशमी साड्या मात्र राहिल्या. माझीही आहे.

आणि याच सुमाराला दुधानं पडदा काबीज केला. १९७६ चा ‘मंथन’. श्याम बेनेगल दिग्दर्शक, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि स्मिता पाटीलची बिंदू. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट काढला. गावातला खासगी डेअरीवाला दूध मातीमोल घेतो, सहकारी सोसायटी निघते, दलित वस्ती पहिल्यांदा मान वर करते. मी तो कॉलेजात असताना पाहिला आणि रडले. भारतानं तो ऑस्करला पाठवला, आणि २०२४ साली त्याची नव्यानं साफ केलेली प्रत फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवली गेली. दुधाचा महापूर योजना १९७० मध्ये सुरू झाली, आणि विसावं शतक संपता संपता भारत जगात दुधात पहिला झाला. दुधाची बाजू मांडणारा याहून चांगला चित्रपट झाला नसेल, आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या शेजारणीनं नवरा गेल्यावर दोन म्हशींवर मुलीला नर्स केलं. डेअरीचं बिल बाईच्या हातात येतं, ऊस-बिल येत नाही. हे ज्याला माहीत नाही त्यानं दुधावर बोलू नये, असं मला अजून वाटतं.

‘मंथन’ मी परवा पुन्हा पाहिला. या वेळी नजर वासरं आणि रेडकं शोधत होती. माणसांवर झालेला अन्याय त्यात ठसठशीत आहे, पण धार सुरू व्हायला आधी कुणीतरी जन्माला यावं लागतं, त्याच्याकडे कॅमेरा थांबत नाही.

१९७० साली जैन मुनी चित्रभानू यांनी समुद्र ओलांडला. साधूनं परदेशी जायचं नाही हा दंडक मोडून ते जिनिव्हाच्या परिषदेला गेले, मग अमेरिकेत राहिले. न्यू यॉर्कला त्यांनी ध्यानकेंद्र काढलं, आणि पुढं त्यांनी व त्यांच्या पत्नी प्रमोदा यांनी दूधही सोडा असं उघड सांगायला सुरुवात केली. १९८३ मध्ये आचार्य सुशीलकुमारांनी न्यू जर्सीत सिद्धाचलम् उभारलं. तिकडच्या टेकडीवर आपले तीर्थंकर विराजमान झाले. आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरदर्शनवर मायकेल टोबियास यांचा ‘अहिंसा’ हा माहितीपट आला. जैनांवरचा. परक्या माणसानं एवढ्या आदरानं आपल्याकडे पाहावं याचं तिकडच्या जैन घरांना किती अप्रूप वाटलं असेल, ते मला कळू शकतं. पिंछी, मुखपट्टी, पक्ष्यांचे दवाखाने दाखवले की जैनाची छाती भरून येतेच. असल्या चित्रांतून आपण जगाला संत दिसतो.

यानंतर गोष्ट उलटली. प्रवीण शाह हे उत्तर कॅरोलिनात राहणारे जैन, तिकडच्या मुलांना धर्मशिक्षण देण्यात आयुष्य घातलेले. १९९५ मध्ये ते व्हरमाँट राज्यातला एक दूधगोठा पाहायला गेले. गाय वारंवार गाभण ठेवली जाते, वासरू लवकर तोडलं जातं, नर वासरू कोवळ्या मांसासाठी जातं, आणि दूध कमी झालं की गायही. हे डोळ्यांनी पाहून त्यांनी दूध सोडलं, आणि जे पाहिलं ते साध्या भाषेत लिहून काढलं. त्या लिखाणानं अमेरिकेतल्या जैन पोरांत दुधाचा वाद पेटला. जे काम व्रतानं झालं नव्हतं ते एका भेटीनं केलं. पण गोठ्यापर्यंत प्रत्येकाला कोण नेणार? ते काम कॅमेऱ्यानं केलं.

असे चित्रपट आधीही झाले होते. १९८१ चा ब्रिटिश ‘द ॲनिमल्स फिल्म’ १९८२ मध्ये तिकडच्या नव्या चॅनल फोरनं पहिल्याच आठवड्यात दाखवला. २००५ मध्ये अमेरिकेत ‘अर्थलिंग्ज’ आला. तो मी पाच मिनिटांवर पाहू शकले नाही, हे लपवत नाही. २०१४ चा ‘काउस्पिरसी’ पर्यावरणाचा हिशोब मांडतो. आपल्या देशात २०१२ मध्ये कुणाल व्होरांनी ‘द प्लॅस्टिक काउ’ केला. मोकाट गाईंच्या पोटातून किलोच्या किलो पिशव्या निघतात, ते त्यात आहे. तो पाहिल्यापासून मी खरकटं पिशवीत बांधून टाकणं बंद केलं. २०२३ मध्ये डॉ. हर्षा आत्मकुरी यांनी भारतातल्या दूधधंद्यावर ‘माँ का दूध’ काढला, आणि हा प्रश्न परदेशी गोठ्यातून आपल्या गोठ्यात आला.

मला सगळ्यात लागला तो मात्र एक शांत चित्रपट. अँड्रिया अर्नॉल्ड या इंग्लिश बाईंचा ‘काउ’, २०२१ चा. लूमा नावाची एक दुधाची गाय, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. कुणी भाषण करत नाही. सुरुवातीलाच ती विते, वासराला चाटते, आणि मग वासरू नेलं जातं. ती हंबरते. कॅमेरा तिच्याकडे पाहत राहतो, बस. आपल्याकडे पैठणच्या रेड्याची कथा आहे: चाबूक रेड्याच्या पाठीवर बसला आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. प्रभातच्या दामले-फत्तेलालांनी १९४० साली ज्ञानोबांवर चित्रपट काढला, तो आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं डोक्यावर घेतला. तेव्हा तो चमत्कार वाटायचा. लूमाचं हंबरणं ऐकताना वाटलं, चांगला चित्रपट एवढंच करतो. चाबूक तिकडे, वळ इकडे.

आता कुणी म्हणेल, ते त्यांचे यंत्राचे गोठे. आपल्याकडे तसं नाही. मीही हेच म्हणत आले. आमची चंद्री सावलीत बसते, तिला नाव आहे, रेडकाला थोडं तरी प्यायला मिळतं. हा फरक खरा आहे आणि परदेशी चित्रपटवाल्यांनी तो दाखवायला हवा. पण म्हैस दहा महिन्यांहून जास्त गाभण राहून विते, तेव्हा निम्म्या वेळा रेडा होतो. पूर्वी आमच्या खानापूर भागातल्या भाताच्या चिखलात नांगराला रेडेच लागत. आता पॉवर टिलर आला. रेड्याला काम उरलं नाही आणि त्याच्या वाटचं दूध डेअरीला जातं. रेडकू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून भोत करायचं आणि म्हशीपुढं ठेवायचं, म्हणजे ती चाटते आणि पान्हा सोडते. भोत हा शब्द माझ्या भाचीला माहीत नव्हता. मी तो लहानपणापासून जाणते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कायद्याचंही पाहा. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय-बैलांबरोबर तेरा वर्षांखालच्या म्हशी-रेड्यांची कत्तल बंद झाली. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाला संरक्षण आहे, म्हशीला नाही. नंदगडहून चंदगड काही फार लांब नाही. सीमा जनावराला कळत नाही, व्यापाऱ्याला कळते. आणि म्हशीचं मांस बाहेर पाठवणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत भारताचं नाव आहे. परदेशात आपली फक्त अहिंसाच जाते असं नाही.

त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई परसदारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "अत्या, चंद्रीचं ते रेडकू गेलं ना?"

"गेलं की."

आमच्या घरात ‘गेलं’ हा शब्द दोन्हीला पुरतो. मेलं तरी गेलं, विकलं तरी गेलं. तीस वर्षांत मी कधी पुढं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "म्हणजे कसं गेलं?"

त्यांनी शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "हेड्यानं नेलं. तू माहेरी गेल्तीस तवा. पाचशे रुपय दिलं त्यानं."

"कुठं नेतो म्हणाला?"

"मी इचारलं न्हाई. तो सांगिटला न्हाई." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ते पैसे मी घरात ठेवले न्हाईत. बस्तीच्या पेटीत टाकले."

ऐंशी वर्षांच्या त्या बाईनं रात्री कधी पाणी प्यायलेलं मला आठवत नाही. मुंगीला त्या फुंकर घालून बाजूला करतात. त्यांना सगळं कळत होतं. मला वाटत होतं की हा प्रश्न अमेरिकेहून आला. तो आमच्याच परड्यात होता, पाचशे रुपयांच्या रूपानं बस्तीच्या पेटीत पडलेला.

मी ते भाचीला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, हे आजी स्वतःच्या तोंडानं सांगतील?"

मला राग आला. म्हटलं, "तिकडच्या लोकांना दाखवायला आमच्या म्हातारीला उभं करतेस? त्यांच्या दुकानात ओटचं दूध मिळतं. इथं शेजारणीला म्हशीशिवाय काय मिळतं ते आधी दाखव." ती म्हणाली, तेही दाखवीन. मी सासूबाईंना विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "सांगते की. खोटं कशाला."

पिक्चर आता चौदा मिनिटांचा झाला आहे. हुग्गी आणि चटणी आहेच. त्यापुढं शेजारीण आपलं डेअरीचं पुस्तक उघडून दाखवते. मग सासूबाई, शेंगा फोडताना. खाली इंग्रजी अक्षरं, वर त्यांची बेळगावी मराठी. गोड संगीत भाचीनं काढून टाकलं. तिकडे पुन्हा दाखवला तेव्हा ती प्रश्न विचारणारी बाई होती की नाही मला ठाऊक नाही. मी मात्र आग्रह धरला की तो आधी इथं दाखवायचा. बस्तीशेजारच्या हॉलमध्ये दाखवला, पंचवीस-तीस माणसं असतील. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाले, घरातली गोष्ट बाहेर कशाला. एक वयस्क बाई जाता जाता सासूबाईंच्या हाताला नुसता हात लावून गेली. तिच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत.

माझं विचाराल तर मी संत झालेली नाही. चहा बिनदुधाचा पिते, पहिले आठ दिवस डोकं दुखलं. बेळगावहून कुणी कुंदा आणला की अजून जीव घुटमळतो. चंद्री आटली आहे, ती मरेपर्यंत आमच्याच परड्यात राहील. नवी म्हैस आणायची नाही असं ठरलं, पण त्यामागं अहिंसा किती आणि सासूबाईंचे गुडघे किती, हे मला नक्की सांगता यायचं नाही. बस्तीत अभिषेकाला आता पिशवीतलं दूध जातं. त्या म्हशीचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि तिच्या रेडकाचं काय झालं, हे विचारायला परडंही उरलेलं नाही.